‘नको थांबू’मधला ‘नको’

आधीच सांगून टाकतो, मी ओढ्यात पडलो. लागलं काही नाही. क्लचचा लिव्हर अर्ध्यावर तुटला, बूट तीन दिवस गॅलरीत वाळत पडले आणि ‘काय, पोहायला गेला होतात वाटतं’ हा विनोद आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत चार जणांनी, प्रत्येकाने आपल्यालाच सुचल्यासारखा, केला. राइडचं साग्रसंगीत वर्णन करत नाही. ठाण्याहून सिद्धगडाच्या पायथ्याला जायचा रस्ता बहुतेकांना पाठ आहे. कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा, काटई, बदलापूर, बारवी धरण, म्हसा. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. साडेपाचला निघालो, नऊ वाजता म्हशात मिसळ खाल्ली, बरी होती. झालं.

मला लिहायचंय ते हेल्मेटमधल्या इंटरकॉमबद्दल, म्हणजे गाडी चालवताना एकमेकांशी बोलायच्या सेटबद्दल.

आम्ही पाच जण. पुढे काका. काका कळव्याचे, मध्य रेल्वेत लोकलवर गार्ड होते. 2022 साली रेल्वेने गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली, त्याच्या थोडं आधी ते निवृत्त झाले. ‘मी गार्ड म्हणून लागलो, गार्ड म्हणूनच सुटलो’ हे ते दर राइडला एकदा सांगतात. त्यांच्याकडे हिरोची इम्पल्स आहे, 2011 साली आलेली. ती गाडी कंपनीने कधीच बंद केली, काकांनी नाही केली. त्यांच्या मागे ऐरोलीचे जुळे भाऊ, मग मी, आणि सगळ्यात शेवटी नेरूळची डॉक्टर. शेवटचा गडी अनुभवी हवा, म्हणजे पडलेल्यांना गोळा करता येतं. ती गाडी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली चालवते आणि बोलते सगळ्यांत कमी.

इंटरकॉम हा प्रकार मला मुळात आवडत नव्हता. हेल्मेट घातलं की जगात आपण एकटे, हे गाडी चालवण्यातलं अर्धं सुख. आता त्या खोलीत चार माणसं येऊन बसली. काटई सोडेपर्यंत जुळ्या भावांचं एकच भांडण चालू होतं, टायरमध्ये हवा 18 ठेवायची की 20. एकाच आईच्या पोटची पोरं एकाच घरात राहतात, हा विषय आदल्या रात्री जेवताना संपवता आला असता. पण इंटरकॉम घेतला, कारण जानेवारीत बारवीच्या जंगलात मी चुकीचं वळण घेतलं होतं. फोनला रेंज नाही, आणि पुढचे सगळे ‘येतोय मागून’ म्हणत तासभर पुढे गेले. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीचे सेट घेतले. एकाच कंपनीचे का, तर एका कंपनीची मेश, म्हणजे सेटांचं जाळं, दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा बोलत नाही. हे मला पैसे भरायच्या आदल्या दिवशी कळलं म्हणून वाचलो. जुळ्यांपैकी एकाला पैसे भरल्यावर कळलं. त्याला सेट विकून दुसरा घ्यावा लागला, आणि तो विषयही काटईपर्यंत झाला.

मेश म्हणजे काय, तर जुन्या ब्लूटूथ सेटमध्ये माणसं साखळीत जोडलेली असायची. मधला मागे पडला की साखळी तुटायची, पुढचे पुढे आणि मागचे मागे. मेशमध्ये प्रत्येक सेट प्रत्येकाशी जोडला जातो. एक गळला तर निरोप दुसऱ्या कुणाच्या हेल्मेटमधून वाट काढतो. मोटरसायकलवाल्यांसाठी ही सोय कार्डो कंपनीने 2015 मध्ये पॅकटॉक या सेटमध्ये आणली, मग इतरांनीही आणली. खोक्यावर रेंज किलोमीटरच्या पुढे लिहिलेली असते. ती मोकळ्या, सरळ, समोरचा दिसेल अशा रस्त्यावरची. हे सेट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, घरातलं वायफायही तिथेच चालतं. ओली झाडी आणि डोंगराची सोंड मध्ये आली की ती लहर तिथेच संपते. म्हशाच्या पुढे मातीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन वळणांपलीकडचा माणूस ऐकू येईना. गंमत अशी की कच्च्या रस्त्यावर एकमेकांपासून लांब राहावं लागतं. उन्हाळ्यात पुढच्याची धूळ खायची नसते, पावसाळ्यानंतर पुढच्याच्या टायरने उडवलेले दगड खायचे नसतात. म्हणजे बोलायची गरज वाढते तिथेच माणसं लांब जातात.

दुसरी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. खडकाळ रस्त्यावर आपण पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे असतो, गुडघे वाकवून, आणि दहा मिनिटांत भाता सुरू होतो. तो भाता सगळ्यांच्या कानात जातो. काकांनी आदल्या राइडला शांतपणे विचारलं होतं, ‘कुणाला दमा आहे का?’ तो मी होतो. म्हणून या वेळी सगळ्यांनी माइक अशा सेटिंगवर ठेवले की आवाज आला तरच उघडतील, एरवी बंद. वारा नाही, श्वास नाही, फक्त शब्द. फार शहाणपणाचं वाटलं.

आता ओढा. जांभुर्ड्याच्या बाजूला, वाडीकडे जाणारी बैलगाडीची वाट एक ओढा ओलांडते. अभयारण्याच्या हद्दीत गाड्या घालायच्या नाहीत हा आमचा नियम, म्हणून वाडीपाशी थांबून पुढे पायी जायचं ठरलं होतं. पाणी गुडघ्याच्या खाली, स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. काका गेले. जुळे गेले, एक जण ओरडत, दुसरा त्याला ओरडत. मी पाण्यात उतरलो, पहिल्या गिअरमध्ये, नजर पलीकडच्या काठावर, जसं शिकवतात तसं. मध्यावर पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं आणि सावरलं. तेवढ्यात कानात काकांचा आवाज आला, मोठ्याने, स्पष्ट:

‘थांबू!’

मी थांबलो. पाण्यात, चढाच्या तोंडाशी, शेवाळलेल्या गोट्यांवर. डावा पाय टेकवला, तो टेकला नाहीच, नुसता गेला. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, मला घेऊन आडवी झाली. पडताना मी जे बोललो त्यासाठी माइक व्यवस्थित उघडला. एकही अक्षर गाळलं नाही. नेरूळच्या डॉक्टरने नंतर त्याचा उल्लेखही केला नाही, यावरून तिने ते नीट ऐकलं असणार.

पाण्यात बसलेला असताना सेट चालूच होता. काका म्हणाले, ‘अरे थांबलास कशाला?’

‘तुम्हीच म्हणालात थांब!’

‘मी म्हणालो नको थांबू!’

गाडी बाहेर काढायला अर्धा तास गेला. इंजिनमध्ये पाणी शिरलं नव्हतं, हे नशीब. वाडीतला एक म्हातारा काठावर उकिडवा बसून सगळं बघत होता. गाडी वर आली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की तिकडे वरच्या अंगाला फरशीचा पूल आहे, तिथून का नाही आलात? यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुद्दाम अवघड वाटेने जायला आपण दोन लाखांची गाडी घेतो, हे कुणाला तोंडाने सांगायची वेळ येऊ नये. त्याने घरी नेऊन कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि माझे मोजे चुलीजवळ टांगले.

भांडण मात्र मिटलं नाही. काकांचं म्हणणं, मी ‘नको थांबू’ म्हणालो. डॉक्टर म्हणाली, मलाही ‘थांबू’च ऐकू आलं, म्हणून मीही काठावर थांबले. तेव्हा काकांनी रेल्वेच्या चौकशीसारखी चौकशी लावली. त्या घरामागच्या आंब्याखाली सगळ्यांनी हेल्मेटं घातली. मी दहा पावलांवर उभा. काका म्हणाले, ‘नको थांबू.’ उघड्या हवेतून, हेल्मेटच्या फोममधून गुदमरत, पूर्ण ‘नको थांबू’ आलं. आणि कानातल्या स्पीकरमधून, क्षणभर मागाहून, लख्ख: ‘थांबू’.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. माइकला जाग यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पहिला शब्द संपलेला. त्यात काकांच्या हेल्मेटची हनुवटी पुढे आलेली, ऑफरोडच्या हेल्मेटची असते तशी, म्हणजे माइक ओठांपासून लांब. जागा व्हायला आणखी उशीर. मग आम्ही सगळे शब्द तपासायला लागलो आणि पोटात गोळाच आला. ‘डावीकडे’ म्हटलं की येतं ‘वीकडे’. ‘उजवीकडे’ म्हटलं तरी येतं ‘वीकडे’! जुळे म्हणाले, मग लेफ्ट-राइट म्हणू. ‘लेफ्ट’चा झाला ‘फ्ट’ आणि ‘राइट’चा ‘ट’. ‘म्हैस’ म्हटलं तर नुसतं ‘स’. सकाळपासून आम्ही निम्मी भाषा बोलत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण टायरमधल्या हवेवर बोलताना पहिलं अक्षर गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

सेटिंग बदलून माइक कायम उघडा ठेवणं हा एक उपाय होता. पण मग माझा भाता. काकांनी विचार केला, चहा संपवला आणि म्हणाले, ‘बेल.’

लोकलमध्ये गार्ड आणि मोटरमन यांच्यात घंटेची खूण असते. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. एसटीचा कंडक्टरही तेच करतो, हे तर आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. डबल बेल मारली की गाडी हलते. काका म्हणाले, ‘तीस वर्षं मी रोज लाखभर माणसं दोन ठोक्यांवर हलवली, “नको थांबू” असली कविता कधी केली नाही.’ लाखाचा आकडा त्यांचा, मी हिशेब केलेला नाही. नियम ठरले. आधी ‘हं’ म्हणायचं, तो ‘हं’ माइकने खाल्ला तरी चालेल. मग शब्द. थांबायचं तर एकदाच ‘थांब’. जायचं तर ‘चल चल’. दिशा दोनदा, ‘डावी डावी’, ‘उजवी उजवी’. ‘नको’ हा शब्द बंद. आणि ज्याला सांगितलं त्याने ते परत म्हणून दाखवायचं, रेल्वेतल्यासारखं.

पुढे पायी स्मारकापाशी गेलो. 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईची वीज तोडायला विजेचे मनोरे पाडणारी माणसं. तिथे कुणी काही बोललं नाही, जुळेही नाही.

परत येताना तोच ओढा. मला फरशीवरून जायचं होतं, खरं सांगतो. काका पलीकडे जाऊन वळून उभे राहिले. मी उतरलो. मध्यावर, त्याच गोट्यापाशी, चाक परत हललं, आणि कानात आलं, ‘हं. चल चल.’ मी म्हणालो, ‘चल चल.’ मागून डॉक्टर म्हणाली, ‘चल चल,’ तिला कुणी सांगितलं नसताना. अर्ध्या लिव्हरवर दोन बोटांनी क्लच सांभाळत पलीकडे कसा आलो ते आठवत नाही. हात अजून थरथरत होते तेव्हा जुळ्यांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या, आणि माइकने पहिली टाळी खाल्ली.

मग अंधार, बदलापूर, आणि शिळफाट्याची ती गर्दी, जिच्याबद्दल लिहून माझं डोकं मला पुन्हा उठवायचं नाही. दीड तास. जुळे आणि डॉक्टर शिळफाट्यावरून महापेकडे वळले. थोड्याच वेळात त्यांचे आवाज तुटक झाले आणि एकेक बारीक ‘टुंग’ करत गेले. काका आणि मी मुंब्रा बायपासने आलो. कळव्याच्या नाक्यावर काका घराकडे वळले, मी खाडीच्या पुलावर चढलो. बोलणं चालूच होतं.

‘हं. लिव्हर नवीन घेऊ नकोस,’ काका म्हणाले. ‘घेऊ नकोस घेऊ नकोस. माझ्याकडे माळ्यावर एक जुना आहे, तुझ्या गाडीला बसेल, फक्त त्याचं भोक जरा घासून—’

टुंग.