कुळागरातील दोन आवाज

गोव्यातील सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या कडेला माझ्या मावशीचे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, आहे. जानेवारीत तिथे मुक्कामाला असताना दिवेलागणीनंतर पोफळींमागच्या रानातून एक कर्कश, खाली घसरत जाणारी किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ कोणी खदखदून हसावे तसे भरभर सात-आठ स्वर. “देवचाराची वाट आहे ती, बॅटरी घेऊन तिकडे जाऊ नकोस,” असे मावसांनी बजावले. देवचार म्हणजे गोव्यातल्या लोकसमजुतीतला राखणदार आत्मा.

पहिला संशय रातवा या निशाचर पक्ष्यावर गेला. पण रातवा एकच टोला ठराविक ठेक्यात वाजवत राहतो, किंचाळत नाही. पिंगळ्याच्या कलकलाटात असा घसरता सूर नसतो. दुसऱ्या संध्याकाळी मोबाइल विहिरीच्या कठड्यावर ठेवून ध्वनिमुद्रण केले. ते ऐकवल्यावर ओळख सांगणाऱ्या एका अ‍ॅपने एकदा घुबडाचे नाव दिले, एकदा काहीच दिले नाही. अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण मीही किंकाळी आणि हसणे मिळून एकाच पक्ष्याचे गाणे आहे असे धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी मोबाइल घरात ठेवून नुसताच अंगणात बसलो, तेव्हा कोडे सुटले. किंकाळी डावीकडून, विहिरीच्या बाजूने येत होती. हसणे मात्र उजवीकडून, ओहळापलीकडून, आणि तेही किंकाळी पुरती विरण्याआधीच सुरू होत होते. मोबाइलच्या मुद्रणात दिशा हरवली होती, ती दोन कानांना लगेच कळली. जोडी बोलत होती.

मग झेनो-कँटो या ध्वनिसंग्रहात जोडीने ओरडणारे निशाचर पक्षी शोधले आणि श्रीलंकन बेडूकतोंड्याच्या मुद्रणाशी दोन्ही आवाज तंतोतंत जुळले: किंकाळी मादीची, हसणे नराचे. पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढ्याच पट्ट्यात राहणारा, वीतभर लांबीचा हा पक्षी दिवसा जोडीदाराला खेटून फांदीवर बसतो. नर करडा, मादी तांबूस, दोघेही सुकलेल्या पानांसारखे.

मुद्रण वाजवून त्यांना जवळ बोलावण्याचा मोह झाला, पण विणीचा हंगाम तोंडावर होता आणि ही जोडी एकच अंडे घालते, म्हणून तो टाळला. वहीत ‘बेडूकतोंड्या, जोडी, फक्त आवाज’ अशी नोंद केली. मावसांनी ती वाचली आणि देवचाराचे नाव खोडले आहे का, एवढेच विचारले.