शिल्लक राहिलेल्या तीन भ्रूणांचं काय करायचं?

आयव्हीएफमधून, म्हणजे बीजांड शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलित करून, आम्हाला मुलगा झाला आणि तीन भ्रूण शिल्लक राहिले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवलेले. साठवणीची मुदत संपत आली तसा उपचार केंद्राकडून फॉर्म आला: मुदत वाढवायची, नष्ट होऊ द्यायचे की संशोधनाला द्यायचे? सह्या दोघांच्याही हव्यात. (काही बीजांडं फलित न करता तशीच गोठवता येतात. उपचार सुरू करणाऱ्यांनी हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं, कारण बीजांडांबाबत हा पेच पडत नाही.)

गर्भपाताबद्दल माझं मत ठाम आहे. गर्भ वाढवायचा की नाही, हे जिच्या पोटात तो आहे तिनं ठरवावं. पण हे भ्रूण माझ्या पोटात नव्हतेच. ते टाकीत राहिले म्हणून मला कसलाही त्रास होणार नव्हता. त्यामुळे एरवी बाजूला ठेवता येणारा प्रश्न थेट अंगावर आला: हे आहेत तरी कोण?

नवऱ्यानं पलीकडे ठोकळे रचत बसलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. "हाही याच खेपेतला. तोही असाच होता की." हा मुद्दा मला आजही सगळ्यांत वजनदार वाटतो.

प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंनी आम्हाला पाचव्या दिवसाच्या भ्रूणाचा फोटो दाखवला. बाहेरून पेशींची पातळ कड, आत एका बाजूला चिकटलेला पुंजका. कडेपासून पुढे वार तयार होते, बाळ होतं ते पुंजक्यापासून. साधारण दोन आठवड्यांपर्यंत हा पुंजका दुभंगून जुळीही होऊ शकतात. त्यानंतर डोकं कुठे आणि पाठ कुठे हे ठरवणारी पहिली रेघ उमटते. म्हणूनच ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं १९८४ मध्ये प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवू नये अशी शिफारस केली आणि १९९० मध्ये तिथे तसा कायदा झाला. एक होणार की दोन हेच ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याला 'अमुक एक माणूस' म्हणायला माझं मन धजेना.

फलनापासून नवा मानवी जीव सुरू होतो, हे मी नाकारत नाही. 'नुसत्या पेशी' म्हणून तो उडवून लावणंही मला खटकतं. पण त्याला माणसाचा हक्क कधी मिळतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. चरकांच्या मते शुक्र-शोणिताच्या संयोगातच जीव उतरतो, ॲरिस्टॉटलनं मुलग्याच्या गर्भासाठी ४० दिवस सांगितले, अनेक इस्लामी धर्मशास्त्री १२० दिवस धरतात. मला पटलं ते एवढंच की हा हक्क गर्भाबरोबर वाढत जातो. २४ आठवड्यांच्या आसपास आईबाहेर जगू शकणारा गर्भ आणि हा पुंजका यांना मी एकाच मापानं मोजू शकत नाही.

तरी नवऱ्याचा मुद्दा उरतोच. यातून बाळ होऊ शकतं. होऊ शकतं, पण ते कुणीतरी नऊ महिने पोटात वाढवलं तर. पहिल्या खेपेला माझा रक्तदाब इतका चढला की बाळ वेळेआधी काढावं लागलं, आणि पुन्हा धोका पत्करू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाकीतल्या भ्रूणांच्या जन्माची वाटही शेवटी माझ्याच शरीरातून जात होती. नवऱ्यालाही हे मान्य होतं. त्यापुढे त्यानं ताणलं नाही.

मुदत वाढवत राहणं म्हणजे न ठरवणंच, यावर आमचं एकमत झालं. संमतिपत्रात १४ दिवसांची मर्यादा लिहिलेली आहे याची खात्री करून आम्ही भ्रूण संशोधनाला दिले. नवऱ्यानं सही केली, पण त्याच्या लेखी ती आमचीच मुलं होती. हे मत त्यानं बदलावं असा आग्रह मी धरलेला नाही.