घायपाताच्या गावात: हालिस्कोमधील टकिलांची चव

सोलापूरकडे आमच्या शेताच्या बांधावर घायपाताचे कुंपण होते आणि लहानपणी त्याचा काटा पोटरीत मोडल्यापासून त्या झाडाशी माझे फारसे सख्य उरले नव्हते. त्यामुळे मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, ग्वादालाहाराहून सुमारे 60 किलोमीटरवरच्या तेकिला गावाकडे जाताना, विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारापर्यंत ओळीने लावलेले निळसर घायपात दिसले, तेव्हा हात आपसूक पोटरीकडे गेला. हे आपल्या घायपाताचेच भाऊबंद, फक्त जात निराळी. टकिला, म्हणजे या घायपातापासून गाळलेली दारू, करण्यासाठी कायद्याने ‘निळा वेबर’ हीच एक जात चालते. या शेतांना आणि जुन्या भट्ट्यांना युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारसा म्हटले आहे. माझा मावसभाऊ ग्वादालाहारात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्याच्याकडे आठवडाभर राहून स्वस्तातल्या टकिलेपासून महागातल्या टकिलेपर्यंत जेवढ्या चाखता येतील तेवढ्या शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या, एवढाच माझा बेत होता.

आगावे, म्हणजे हे घायपात, पक्व व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे घेते. मग हिमादोर, म्हणजे तोडणी करणारा कामगार, लांब दांड्याच्या गोल पात्याने, ज्याला कोआ म्हणतात, सगळी पाती सपासप छाटतो आणि मागे अननसासारखा दिसणारा, चांगला 30-40 किलोंचा गड्डा उरतो. त्याला पिन्या म्हणजे अननसच म्हणतात. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत हे गड्डे विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस वाफेवर शिजवतात. एका ठिकाणी असा शिजलेला तुकडा हातावर ठेवला गेला. तो उसासारखा चावून चोथा थुंकायचा असतो आणि त्याची चव थेट काकवीत मुरवलेल्या रताळ्याची लागते. ही चव लक्षात ठेवली म्हणून पुढचा आठवडा सोपा गेला, कारण प्रत्येक पेल्यात मी तीच शोधत होते.

पहिल्या संध्याकाळी भावाने मला बाटलीचे नाव वाचू दिले नाही. “ताई, आधी बाटली फिरव आणि बारीक अक्षरे वाच,” तो म्हणाला. तिथे ‘100 टक्के आगावे’ असे लिहिलेले नसेल, तर ती मिक्स्तो; तिच्यातली किमान 51 टक्के साखर आगावेची असली की पुरते, बाकीची उसाची किंवा आणखी कशाची असू शकते. दोनेकशे पेसोंची अशी एक सोनेरी बाटली आम्ही मुद्दाम घेतली होती. तिच्या सोनेरी रंगाला टकिला मुरवायचे लाकडी पिंप ठाऊकच नव्हते, तो जळक्या साखरेचा होता. नाकाला आधी स्पिरिट लागले, जिभेवर चिकट गोडी आली आणि घशात आग पडली. त्या काकवीतल्या रताळ्याचा मागमूस नव्हता. मुंबईच्या पार्ट्यांमध्ये मीठ चाटून, लिंबू चोखून एका घोटात गिळतात ती हीच, आणि अशी टकिला जिभेला कळू नये म्हणूनच तो सगळा खटाटोप असावा, असे मला त्या रात्री वाटले.

खरी गंमत आरांदासला आली. तेकिला गाव खोऱ्यात आहे आणि आरांदास लोस आल्तोस म्हणजे वरच्या पठारावर, जिथली माती इतकी लाल की मला रत्नागिरीच आठवली. खोऱ्यातली टकिला मातकट आणि पालेभाजीच्या हिरव्या वासाची, तर पठारावरची गोड आणि फळांच्या अंगाने जाणारी, असे तिथे सर्रास सांगतात. मला तो फरक काही बाटल्यांत जाणवला, काहींत मुळीच नाही. बाटलीवरचा चार आकडी नोम क्रमांक मात्र अधिक कामाचा ठरला, कारण तो टकिला कोणत्या कारखान्यात गाळली ते सांगतो. तापातिओ आणि एल तेसोरो या दोन्ही बाटल्यांवर 1139 हाच क्रमांक होता, म्हणजे दोन्ही आरांदासच्या ला आल्तेन्या कारखान्यातल्या. तरी आम्ही घेतल्या त्या दुकानात एल तेसोरो जवळजवळ दुप्पट किमतीला होती. तिचा आगावे ताहोना नावाच्या, आपल्याकडच्या चुन्याच्या घाण्यासारख्या दगडी चाकाखाली चिरडतात. दोन्हींच्या ब्लांको, म्हणजे पिंपात न मुरवलेल्या टकिला, एकाच वेळी ओतल्या. एल तेसोरो अधिक भरलेली आणि तेलकट लागली, तापातिओ मिरीसारखी झणझणीत आणि मोकळी. दुप्पट पैशांत दुप्पट चव आली, असे मी म्हणणार नाही. दोन्हींत रताळे मात्र होते.

त्यानंतर पिंपांची पाळी. किमान दोन महिने मुरली की रेपोसादो, लहान पिंपात किमान एक वर्ष राहिली की अन्येहो, आणि 2006 पासून मान्य झालेल्या एक्स्ट्रा अन्येहोला किमान तीन वर्षे लागतात. रेपोसादो मला आवडली, कारण लाकडाचा दालचिनीसारखा वास आगावेला झाकत नाही. पण काही हजार पेसो मोजून घेतलेल्या एक्स्ट्रा अन्येहोत व्हॅनिला होता, चॉकलेट होते, सुक्या अंजिराची गोडीही होती, आणि ती डोळे मिटून दिली असती तर मी बेधडक ब्रँडी म्हणाले असते. सहा-सात वर्षे उन्हात वाढलेल्या झाडाची चव लाकडाखाली गाडण्यासाठी एवढे पैसे का द्यावेत, हे मला उमजले नाही. क्रिस्तालिनो तर त्याहून अजब. आधी पिंपात मुरवून रंग आणायचा आणि मग कोळशातून गाळून तो काढून टाकायचा. शिवाय ग्लिसरीन, साखरेचा पाक, ओकचा अर्क आणि कॅरमेल यांची थोडी भर घालायला नियमांची परवानगी आहे, त्यामुळे महागड्या बाटलीतला गुळगुळीतपणा नेहमी मुरवण्यातूनच आलेला असतो, असेही नाही.

मला राहून राहून गोव्याच्या फेणीची आठवण येत होती. तिथे पहिल्या धारेची हुर्राक आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. इथे पहिली धार ओर्दिनारिओ आणि दुसरी टकिला. चांगल्या फेणीला पिंपाची गरज आहे, असे गोव्यात मला कुणी कधी सांगितले नाही.

परतताना दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काविना आणता येते, म्हणून भावाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सगळ्या बाटल्या मांडून निवड केली. तापातिओची एक लिटरची ब्लांको बॅगेत गेली, तिच्या शेजारी एल तेसोरोची ब्लांको. एक्स्ट्रा अन्येहो भावाकडेच राहिली; ती पाहुण्यांना दाखवायला बरी दिसते, असे तो म्हणाला.