निरोप कोणाला पोचला?

सकाळी धो-धो पाऊस. आमच्या पेडण्यातल्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेला रेड अलर्टमुळे सुट्टी. तरी मुख्याध्यापिका बाई छत्री धरून फाटकापाशी उभ्या. मी विचारलं, "बाई, आज कशाला आलात?"

"दोन-तीन पोरं येतील. माहीत आहे मला."

आणि खरंच, दुसरीतला एक पोरगा आजीचं बोट धरून आला. दप्तरावर प्लास्टिकची पिशवी, आजीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. रात्रीच ग्रुपवर निरोप गेला होता. त्या घरातून ग्रुपवर आहे तो पोराचा बाप, आणि तो बोटीवर. भर समुद्रात त्याने निरोप वाचला, हात जोडल्याची खूणही टाकली. आजीकडे बटणांचा फोन.

बाई म्हणाल्या, "निळ्या टिका दिसल्या म्हणून निरोप घरात पोचला असं नसतं हो."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. बाईंकडे एक वही आहे. कोणाच्या घरी फोन करायचा, कोणाला शेजाऱ्याकडून सांगायचं, कोणाला पोराच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं, सगळं त्यात. आजींचा नंबर तिथेच उभ्याउभ्या लिहून घेतला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. चांगलंच आहे. पण पोराला रोज शाळेत सोडणाऱ्या आजीला बैठकीची तारीख कळवणार कोण? ते काम अशा बाईच करतात, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

तुमच्या गावच्या शाळेचा निरोप घरातल्या कोणाच्या फोनवर येतो?