मेडिकलवालीच्या घरातला पावसाळा

परळ-लालबागच्या मधल्या एका गल्लीत आमचं मेडिकल आहे. ऑर्डर आणि हिशेब नवरा बघतो. मी डी. फार्म. केलेली, त्यामुळे लायसन्स माझ्या नावावर आणि संध्याकाळचं काउंटरही माझ्याच गळ्यात. ओळखीची गिऱ्हाइकं हमखास विचारतात, "वहिनी, तुम्ही घरी कुठलं टॉनिक घेता?" मी म्हणते, कुळथाची पिठी. त्यांना वाटतं मी टाळतेय.

टाळत नाही. आमच्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या अशा दुखण्यांवर जातात, जी चार दिवसांत आपणहून गेलीच असती. सर्दी, साधा खोकला, बाहेरचं खाऊन बिघडलेलं पोट. त्यांना घरी पेज आणि झोप पुरते. पंचाईत एवढीच की पावसाळ्यात मुंबईत साधं दुखणं आणि जिवावरचं दुखणं पहिले दोन दिवस एकसारखंच दिसतं. ताप, अंगदुखी, डोकं जड. म्हणून आमच्या घरात सरळ वाटणी आहे: स्वयंपाकघर सासूबाईंचं, थर्मामीटर माझा.

सासूबाई कुडाळच्या. कुणीही कण्हलं की त्यांचं एकच वाक्य, "गोळी रवांदे, आधी तेका पेज घाल गो." उकड्या तांदळाची, जरा पातळ, मीठ घालून, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याचा खार. आजाऱ्याला मासे द्यायचे तर मुडदुशे, कारण ते हलके आणि वासाला सौम्य. यात औषध असं काही नाही. पाणी, मीठ आणि पचेल असं अन्न आहे, आणि तापात शरीर मागतं तेच. महागडी प्रोटीन पावडर न्यायला आलेल्यांना मी आधी विचारते की पेशंट जेवतोय का. बहुतेकदा उत्तर येतं, "जेवत नाही ना, म्हणून तर पावडर."

जूनमध्ये पहिले एक-दोन पाऊस पडून गेले की मी दादरला जाते. स्टेशनबाहेर पश्चिमेला पालघर, मुरबाड, कर्जतकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. सगळ्यात आधी शेवळं येतात. जांभळट तपकिरी रंगाची, मिटलेल्या छत्रीसारखी दिसणारी जुडी. शेजारी छोटी हिरवी फळं असतात ती काकडं. ही दोन्ही एकत्रच घ्यायची, नाहीतर शेवळं घेऊच नयेत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळूत आणि सुरणात असतात तेच, आणि ते घशाला टोचतात. शेवळाचं बाहेरचं पान सोडवून आतला दांडा घ्यायचा, त्याच्या खालच्या बाजूचा दाणेदार पिवळसर भाग काढून टाकायचा. हात खाजू नयेत म्हणून तेल लावायचं. मग चिरून काकडांच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात भरपूर शिजवायचं. आमच्या मजल्यावरच्या सीकेपी काकू त्यात कोळंबी घालतात आणि वर्षातून एकदा तो वाटीभर ऐवज आमच्याकडे येतो. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल त्याला मात्र ही भाजी, अळू आणि पालक बेतानेच वाढा. रानभाजी म्हटली की ती सगळ्यांना मानवेलच असं गृहीत धरण्याचं कारण नाही.

त्यानंतर टाकळा. कोवळाच हवा, चार बोटं उंचीचा. कांदा, भिजवलेली चणाडाळ, वर ओलं खोबरं. पोट साफ ठेवतो आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने बेताने खाल्लेला बरा. फोडशीची पानं निवडताना मुळाकडचा पांढरा भाग नीट साफ करावा लागतो, तिथे माती असते. भारंगीची पानं कडू, म्हणून उकडून पिळून घ्यायची. माझी मुलगी यातलं फक्त कंटोळी खाते, तीही कुरकुरीत परतली तरच. मी वाद घालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारातली पालेभाजी चिखलाने भरलेली आणि महाग असते, तेव्हा पावसावर आपोआप उगवलेलं, फवारणी न झालेलं चार दिवस ताटात आलं तरी मला पुष्कळ झालं. भाज्या मिठाच्या पाण्यात घालून, मग नळाखाली तीन-चारदा धुवून घ्यायच्या. पावसाळ्यात बाहेरची कच्ची कोथिंबीर आणि चटणी मी घरातल्या कुणालाच खाऊ देत नाही, यावरून माझी यथेच्छ टिंगल होते.

नाचणीचं काम मात्र पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकायचं. नाचणी निवडून, धुवून रात्रभर भिजत घालायची, सुती फडक्यात घट्ट बांधून टांगायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी बारीक पांढरे कोंब दिसतात. ते जिरेएवढे झाले की थांबायचं, आणखी वाढू दिले तर पीठ कडवट लागतं. मग गच्चीवर चादरीवर पसरून कडकडीत वाळवायची, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत भाजायची आणि दळायची. पावसाळ्यात हे करायला गेलात तर नाचणी वाळत नाही, बुरशी धरते, आणि अख्खा घाट फुकट जातो. आमच्याकडे जुन्या रीतीने सत्त्व काढताना भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, कोंडा टाकून देत. लहान बाळासाठी ते ठीक. बाकीच्यांसाठी मी कोंड्यासकटच दळून आणते, फेकायचं कशाला?

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० मिली दुधात ते १२०च्या आसपास. आकडे वाचून लगेच दूध बंद करू नका, कारण नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम आणि लोह दोन्ही अडवून धरतं. मोड आणल्याने हे फायटेट कमी होतं, म्हणून तर एवढा खटाटोप. दुसरा फायदा बाळाच्या आईला कळतो. मोडाच्या पिठाची खीर त्याच मापात पातळ होते, घट्ट गोळा होत नाही. म्हणजे तेवढ्याच वाटीत बाळाला जास्त पीठ देता येतं. नवऱ्याला मी ताक आणि जिरं घालून आंबील देते. त्याची शुगर काठावर आहे, त्यामुळे त्याच्या आंबिलीत गूळ नाही. गूळ 'नॅचरल' म्हणून मधुमेही माणसं तो बिनधास्त खातात आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे वाढवलेल्या डोसची चिठ्ठी घेऊन येतात. गूळही साखरच आहे, रंग वेगळा.

आता हळद. हळदीच्या दुधावर माझं प्रेम आहे. झोपताना गरम काहीतरी पोटात जातं, घशाला बरं वाटतं. पण हळदीचं नाव निघालं की व्हॉट्सअॅपवर कुणीतरी अमेरिकन पेटंटची गोष्ट पाठवतंच. ती गोष्ट खरी आहे. १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. माशेलकर गिरगावात वाढलेले, त्यामुळे आपल्याकडे त्याचा अभिमान जरा जास्तच, आणि असावाच. मात्र ते पेटंट रद्द झालं ते 'हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे, यात नवीन शोध काही नाही' या मुद्द्यावर. हळदीने काय काय बरं होतं याचा निवाडा तिथे झालाच नव्हता. कापलं, खरचटलं तर आमच्या घरात जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने धुतली जाते. गंजकं काही लागलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं. हळद भाजीत.

कोकमाबद्दल मी पक्षपाती आहे. आमसुलाचं सार, सोलकढी, उन्हाळ्यात आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं, सरबत. अंगावर पित्त उठलं की सासूबाई आमसुलं पाण्यात कोळून ते पाणी चोळतात. खाज थोडी थांबते आणि कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून मी गप्प बसते. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास लागला तर मात्र आमसूल शोधत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. आगळ विकत घेताना एक बघा, त्यात मीठ भरपूर असतं. ब्लडप्रेशरवाल्या माणसाच्या सोलकढीत वरून मीठ घालू नये.

खोकल्यासाठी एक वर्षावरच्या मुलांना रात्री चमचाभर मध हा खरंच कामाचा उपाय आहे. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. त्यातून क्वचित बोट्युलिझम नावाची जंतूंची विषबाधा होते आणि तान्ह्या बाळाला ती झेपत नाही. आमच्या नणंदेच्या बाळंतपणात यावरून घरात जुंपली होती. गुटी उगाळायची सहाण बाहेर निघाली, वेखंड, जायफळ सगळं ओळीने मांडलं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, यावर मी अडून बसले. शेगडीवर ओवा टाकून बाळाला धुरी द्यायलाही मी नाही म्हटलं. १० बाय १२च्या खोलीत तो धूर जाणार कुठे? ओवा बाळंतिणीला जेवणानंतर द्या, खुशाल द्या. सासूबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. दुसरीकडे, चार वर्षांखालच्या मुलासाठी 'तेच लाल सिरप' मागणाऱ्यांनाही मी नाहीच म्हणते. सर्दीच्या ज्या औषधात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे.

जुलाबांवरचा घरगुती उपाय मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्यालाच लोक सगळ्यात कमी किंमत देतात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवून पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. ओआरएसचं तयार पाकीट मिळत असेल तर पाकीटच घ्या, त्यात पोटॅशियमही असतं. पण मोठं पाकीट एक लिटरचं असतं हे लोक वाचत नाहीत. ग्लासभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकतात आणि उरलेलं पाकीट क्लिप लावून ठेवतात. तसं करायचं नाही. अख्खं पाकीट एक लिटरमध्ये, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. गोड सरबताच्या खोक्यांवर 'ओआरएस' असं नाव मिरवायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने मनाई केली. त्या आधी ती खोकी आमच्याकडे रोज मागायचे आणि मी रोज वाद घालायचे.

काढ्याबद्दल थोडंसं. आलं, गवती चहा, तुळस, मिरी, दोन कप पाणी. चहाऐवजी प्या, छान लागतो. पण २०२०च्या सुमारास 'इम्युनिटी'च्या नादात लोक गुळवेल महिनोन्महिने घेत होते. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असेल असं सांगितलं. वाद काहीही असो, आधीच थायरॉइडची किंवा शुगरची गोळी चालू असलेल्या माणसाने वेल तोडून रोज उकळत बसू नये असं माझं मत आहे. वाफ घ्यायची तर भांडं टेबलावर स्थिर ठेवून, आणि मुलांना नाहीच. त्या दिवसांत भाजल्याचं मलम खूप गेलं.

आणि आता आमच्या जवळचा हिंदमाताचा सखल चौक. इथे दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि त्या पाण्यातून चालत आल्याशिवाय आमच्या भागातल्या माणसाचा जुलै पार पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे, पेशंट वाढले, ते दिवस मला चांगले आठवतात. उंदीर-कुत्र्यांच्या लघवीतला जंतू पायाच्या बारक्या जखमेतून आत जातो. त्यावर काढा नाही, पपईचा पाला नाही, आमसूल नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर एक ते तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी घ्यायची का ते विचारायचं, महापालिकाही दरवर्षी हेच सांगते. ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक नको, रक्तस्राव वाढू शकतो. ताप तिसऱ्या दिवशीही असेल, पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, लघवी कमी होत असेल तर स्वयंपाकघर बंद, रक्ततपासणी.

गेल्या पावसाळ्यात मुलगा कॉलेजवरून गुडघाभर पाण्यातून आला. टाचेला जुनी भेग होती. सासूबाईंनी गरम पाण्याची बादली आणि काढा, दोन्ही तयार ठेवलं होतं. मी साबणाने त्याचे पाय धुऊन घेतले, डॉक्टरांना फोन करून त्याला दाखवायला पाठवलं. तो चिठ्ठी घेऊन परत आला तोवर सासूबाई नाचणीची आंबील घेऊन दारात उभ्या. मी म्हटलं, आई, आत्ता नको. नाचणीत आणि ताकात कॅल्शियम असतं, त्याच्यासोबत ही गोळी नीट शोषली जात नाही. साध्या पाण्याच्या ग्लासबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं पडायचं नाही.

"मगे आंबील कधी?"

"दोन तासांनी."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आंबिलीवर झाकण ठेवलं आणि कॉटवर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या, तो लवंडू नये म्हणून.