परतीची तारीख

गेल्या फाल्गुनातल्या एका दुपारी आमच्या गावच्या वाचनालयात मी एका कादंबरीचे शेवटचे पान उघडून बसलो होतो. कथेचे शेवटचे पान नव्हे. त्याच्याही पलीकडचे, जेथे परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक हातात आले की आधी ती चिठ्ठी वाचायची ही माझी जुनी खोड आहे. प्रस्तावना थोडेफार खोटे बोलते, मलपृष्ठ तर सर्रास बोलते, परंतु ग्रंथपालबाईंच्या रबरी शिक्क्याला खोटे बोलता येत नाही. पंधरा दिवसांची मुदत असलेले पुस्तक कोणी अठरा दिवस ठेवले आणि वर दंडही भरला, की समजावे, त्या घरात ते नणंदेपासून सासऱ्यापर्यंत फिरले आहे. या कादंबरीच्या चिठ्ठीवर तीन नोंदी होत्या आणि तिन्ही मिळून नऊ दिवसांच्या वर जात नव्हत्या. पहिल्याने ती तीन दिवसांत परत केली होती, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने चार.

माझ्या पोटात थोडे कालवले. कादंबरी आमच्या लेखकाची होती. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण आपल्या माणसाची चहाडी नाव घेऊन करू नये. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, तब्बल बारा वर्षांनी त्यांची ऐतिहासिक प्रेमकथा आली होती, आणि तीही आमच्याच वऱ्हाडातली, १८०३ सालच्या इंग्रज-मराठा युद्धाच्या पार्श्वभूमीवरची. वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून ज्या डोंगराची कड दिसते, त्याच डोंगरावरच्या गाविलगडात तिचा शेवट होतो म्हटल्यावर गावात काय झाले असेल, याची कल्पना करावी. पुस्तक येण्यापूर्वीच वहीत अकरा नावे लागली होती. माझे नाव पहिले होते. परंतु नेमका त्याच आठवड्यात मी लेकीकडे यवतमाळला गेलो आणि चौथ्या क्रमांकावर घसरलो.

पहिल्या तीन वाचकांना मी ओळखतो. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना ओळखतात, ही वाचनालयाच्या दृष्टीने मोठीच अडचण आहे. पहिले होते निवृत्त तलाठी. त्यांना विचारले तर म्हणाले, "भाषा छान आहे." दुसरी शाळेतली नवीन शिक्षिका, ती म्हणाली, "छपाई सुरेख आहे, सर." तिसऱ्याचा संत्र्यांचा बगीचा आहे आणि त्याला पुस्तकाइतकेच बोलणेही प्रिय आहे. तो नुसता हसला आणि मृग बहाराच्या भावाकडे वळला. लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस पत्रावळींची तारीफ करू लागला की वरणाबद्दल काय समजायचे, ते कोणाला सांगावे लागत नाही.

पान ११२ वर एक एसटीचे तिकीट खुणेसाठी ठेवलेले आढळले. अंजनगाव सुर्जी ते परतवाडा. ते कोणाचे हे मी मुद्दाम विचारले नाही. त्या पानाच्या पुढे पुस्तकाची पाने एकमेकांना अजून घट्ट धरून होती, नव्या पुस्तकाची धरून असतात तशी.

मी ती चार दिवसांत वाचली. एकूण पाने ४१२.

चुका होत्याच. नायक आणि नायिका पहिल्यांदा भेटतात ती फुललेल्या गुलमोहराखाली. गुलमोहर मुळात मादागास्करचा; आपल्याकडे तो १८०३ नंतर बऱ्याच वर्षांनी आला. शिवाय प्रसंग कार्तिकातला आहे, आणि गुलमोहर आपल्याकडे चैत्रवैशाखाच्या उन्हात पेटतो, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुढे एका रात्री नायिका आगकाडी ओढून दिवा लावते. घासून पेटणारी आगकाडी इंग्लंडातच १८२६-२७ च्या सुमारास निघाली, तेव्हा अचलपूरच्या वाड्यात ती तेवीस-चोवीस वर्षे आधी कशी पोहोचली, हे लेखकालाच ठाऊक. पण खरे सांगतो, अशा चुकांनी माझे मन कधी मोडलेले नाही. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांतही त्या होत्या, आणि मी शिक्षक असूनही त्यांच्याखाली लाल रेघ ओढली नव्हती. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या शर्टाचे वरखाली लागलेले बटन आपण त्याला चारचौघांत दाखवत नाही.

काय बिघडले ते मला चौथ्या दिवशी रात्री उमगले, आणि ते उमगले आजीमुळे. तिला जाऊन आता छत्तीस वर्षे झाली.

आमच्या लहानपणी दिवाळीनंतर घरातली एक खोली कापसाने भरलेली असे. वेचणी होत जाई तसा ढीग चढत जाई आणि शेवटी आढ्याला टेके. त्या ढिगावर बसण्यास मनाई होती, म्हणून आम्ही त्याच्यावरच बसत असू. कापूस आतून ऊबदार असतो, अंगाला थोडी खाज सुटते, आणि त्याला एक कोरडा, किंचित तेलकट असा सरकीचा वास येतो, जो मला आजही कोणत्याही नव्या पुस्तकाच्या वासापेक्षा अधिक वाङ्मयीन वाटतो. ते एकाधिकार खरेदीचे, म्हणजे सगळा कापूस सरकारी केंद्रावरच विकायचे, दिवस होते. बाबा गाडी भरून केंद्रावर जात आणि बैलगाड्यांच्या रांगेत दोन-दोन रात्री काढत. अशाच एका फेरीत शेजारच्या गाडीवानाकडून त्यांनी एक पुस्तक आणले, कव्हर फाटलेले आणि पहिली सहा पाने नसलेले. तेच आमच्या लेखकाचे मला भेटलेले पहिले पुस्तक. पहिली सहा पाने मी पुढे नोकरी लागल्यावर वाचली आणि त्यांच्यावाचून काही अडले नव्हते असे माझ्या लक्षात आले.

आजीला वाचता येत नव्हते. संध्याकाळी चुलीचे आटोपले की ती कापसाच्या खोलीच्या उंबरठ्यावर येऊन बसे, शेजारच्या दोघी-तिघी येत, आणि मी कंदिलाशी पुस्तक धरून मोठ्याने वाचत असे. मी तेव्हा सातवीत होतो आणि प्रेमाचे प्रसंग आले की भरधाव वाचत सुटे. आजीला त्या प्रसंगांचे काही विशेष वाटत नसे. तिची शंका वेगळीच असे. एकदा नायिका पहाटे घरातून निघाली, नदी ओलांडली, दिवसभर देवळामागे वाट पाहत उभी राहिली, सूर्य कलला, आणि नायक घोड्यावरून आला. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा आजी म्हणाली, "थे जेवली का नाही सकायपासून?"

मी म्हणालो, "आजी, ती प्रेमात आहे."

"असन. पण उपाशी पोटी कायचं प्रेम होते बा? पाह्य पुढं, लिवलं असन."

आणि पुढच्या पानावर ते लिहिलेले होते. नायकाने खोगिराच्या पिशवीतून फडके सोडले, त्यात दोन भाकरी आणि कांदा होता, आणि नायिकेने आधी लाजून नाही म्हटले व मग दोन्ही भाकरी संपवल्या. आजीने मांडीवर थाप मारली. "हां. आता वाच." शेजारच्या म्हातारीने त्या लेखकाला तेव्हाच "जाणता माणूस" असे प्रमाणपत्र देऊन टाकले. पुढे त्यांना पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, पण उंबरठ्यावरच्या त्या प्रमाणपत्राची सर मला त्यांपैकी कशालाच वाटली नाही.

नव्या कादंबरीत कोणीही जेवत नाही. ४१२ पानांत एक शाही मेजवानी आहे, तिच्यात पंचपक्वान्नांची ताटे मांडली जातात आणि नायक-नायिका एकमेकांकडे पाहत राहतात. ताटे तशीच उचलली जातात. कथेचा शेवट १५ डिसेंबर १८०३ रोजी होतो, गाविलगड पडला त्या दिवशी. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे शेतात तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, घराघरांत सोल्यांची भाजी शिजते, कापूस फुटलेला असतो. सैन्याच्या वाटेवर असलेल्या या मुलुखात त्या वर्षी ती तूर कोणी तोडली, कोणाच्या बैलांनी खाल्ली, की ती तशीच झाडावर वाळली, याचा एक शब्द नाही. नायिका पान ४३ वर सकाळी उठते आणि पान ९० वर तोच दिवस मावळतो. एवढ्या सत्तेचाळीस पानांत तिने तीन वेळा उसासा टाकला, पण पाण्याचा घोट घेतला नाही.

कामही कोणी करत नाही, आणि हे मला अधिक लागले. २९ नोव्हेंबरला आडगावाजवळ लढाई झाली, ते आडगाव आज अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे. त्या दिवशी दूरची मजल मारून आलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेपैकी काही पलटणी, ज्या दोनच महिन्यांपूर्वी असईला पाय रोवून लढल्या होत्या, त्या समोरून तोफा सुरू होताच बिथरून मागे फिरल्या आणि त्यांना वळवून पुन्हा रांगेत उभे करावे लागले. शूर माणसे एका संध्याकाळी अशी का पळतात, ह्यावर आमच्या जुन्या लेखकाने तीस पाने लिहिली असती. त्यानंतर वेलस्लीचा जोडीदार सेनानी स्टीव्हन्सन याने गडाच्या उत्तर अंगाला तोफा नेल्या, तर त्यासाठी सातपुड्यात आधी रस्ता तयार करावा लागला आणि जड तोफा चार-पाच दिवस डोंगरदऱ्यांतून माणसांना हातांनी ओढाव्या लागल्या. मी त्या बाजूला फिरलो आहे. रिकाम्या हातांनी चढतानाही छाती भरून येते. कादंबरीत हे सगळे एका वाक्यात उरकले आहे: उत्तरेकडून तोफा धडाडू लागल्या. जणू त्या तेथे मोहाच्या फुलांसारख्या रात्रीतून टपकल्या होत्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडतो, तोही दोन ओळींत, कारण त्याच वेळी तटावर नायिकेचा पदर वाऱ्यावर उडायचा असतो. १७ डिसेंबरला इंग्रजांशी देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांच्या हातून वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आमचे वऱ्हाड, गेले. ते परिशिष्टात आहे.

पदराचे वर्णन मात्र फार सुंदर आहे. तलाठी म्हणतात ते खरेच आहे, भाषा छान आहे.

एक शंका मनात आली आणि ती मी बराच वेळ बाजूला सारत राहिलो. ऐंशीच्या पुढे माणसाचे जेवण तुटते. अर्धी भाकरसुद्धा जड जाते, वासाने मळमळते, आणि ताट समोर आले की तो दुसरीकडे पाहतो. आजीचेही शेवटी असेच झाले होते. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येकाला "जेवला का" विचारले, तिच्यासमोर वाटी धरली की ती तोंड फिरवी. असे असेल तर त्या शाही ताटांना कोणी हात का लावला नाही, याचे कारण मी इतिहासात शोधणे व्यर्थ आहे. पण हे अनुमानच. कदाचित त्यांना नुसती घाई झाली असेल, किंवा प्रकाशकाला.

असो. पाचव्या दिवशी सकाळी मी पुस्तक पिशवीत घालून वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत फिरलो. चिठ्ठीवर तीन, दोन, चार; आणि माझ्या नावाने पुन्हा चार? पन्नास वर्षांच्या संबंधाला हे शोभले नसते. मी पुस्तक घरी आणून टीव्हीवर ठेवले आणि पुढचे दहा-अकरा दिवस त्याला हात लावला नाही. या काळात वहीतल्या पाचव्या क्रमांकाचे गृहस्थ, जे निवृत्त पोस्टमन आहेत आणि म्हणून कोणत्याही विलंबाला माफ करत नाहीत, ते दोनदा घरी येऊन गेले.

"सर, झालं का नाही वाचून? काहून एवढा टाइम लागून राह्यला?"

"सावकाश वाचतोय हो. फार रंगलोय."

"लय चांगली आहे म्हणता?"

"भाषा छान आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले, कारण हे वाक्य त्यांनी पारावर आधीच ऐकलेले असणार. सौभाग्यवती आतून सगळे ऐकत होती. पोस्टमन गेल्यावर तिने चहाचे कप उचलले आणि एवढेच विचारले की त्या बिचाऱ्या लेखकाला तुमचा हा उपास कळणार आहे का. तिने कादंबरी वाचलेली नाही. मी तिला नायिका काही खात नाही एवढेच सांगितले होते, तेवढ्यावरून तिने ती न वाचण्याचा निर्णय घेतला.

पंधराव्या दिवशी दुपारी मी पुस्तक परत नेले. ग्रंथपालबाई मागच्या खिडकीशी वर्तमानपत्राची गठ्ठी बांधत होत्या. बाहेर पळस फुलला होता आणि डोंगराची कड उन्हात पांढुरकी झाली होती. त्या येईपर्यंत मी उभ्याउभ्या पाने चाळली, पान ११२ वरचे ते एसटीचे तिकीट काढले आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात, गडावर पहिली तोफ पडते त्या पानात सरकवून ठेवले. मग बाई आल्या, त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि तारीख मारली.