हाय स्ट्रीट : डोंगरधारेवरचा रोमन रस्ता

इंग्लंडमध्ये ‘हाय स्ट्रीट’ म्हटले की गावातली मुख्य बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. परंतु लेक डिस्ट्रिक्टमध्ये याच नावाचा ८२८ मीटर उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याजवळून गेलेल्या रोमन रस्त्यामुळे त्याला ते नाव मिळाले आहे. पेनरिथजवळच्या ब्रूअम येथील लष्करी ठाण्यापासून निघालेला हा रस्ता धारेवरून दक्षिणेकडे येत विंडरमियर तळ्याच्या काठावरील अँबलसाइडच्या ठाण्याकडे उतरत असे. ‘स्ट्रीट’ हा शब्दही मुळात लॅटिन ‘स्ट्राटा’वरून आलेला, म्हणजे दगड पसरून बांधलेली वाट.

पहिल्यांदा गेले ती जूनमधली लख्ख दुपार होती. हार्टसॉपहून हेजवॉटर तळ्याच्या बाजूने चढून मी धारेवर पोहोचले, नकाशावर ‘रोमन रोड’ ही अक्षरे पाहिली आणि फरसबंदी शोधू लागले. दिसले ते फक्त गवत. त्या दिवशी मी फार खट्टू होऊन परतले.

ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा गेले, या वेळी उत्तरेकडून, पूली ब्रिजहून. मूर डिव्हॉकच्या माळावर ‘कॉकपिट’ नावाचे कांस्ययुगीन शिळावर्तुळ आहे आणि रोमन रस्ता त्याच्या जवळूनच जातो. रोमन सैनिक येथून गेले तेव्हाही ते दगड हजाराहून अधिक वर्षांचे जुने होते. तेराव्या शतकातील नोंदींत या रस्त्याचे नाव ‘ब्रिटनांचा रस्ता’ अशा अर्थाचे आढळते. त्यामुळे रोमनांनी इथल्या लोकांच्या जुन्याच वाटेवर आपला रस्ता आखला असावा, हे मत मला पटते.

दुपारी तीनच्या सुमारास, हाय रेझच्या अलीकडे, ऊन पश्चिमेकडून तिरपे पडू लागले आणि तासभर ज्या गवतावरून मी चालत होते त्यात एकाएकी आकार दिसू लागला. एक बुटका, रुंद भराव, त्याच्या पूर्वेच्या कडेला पडलेली सावलीची बारीक रेघ आणि त्या रेघेला धरून उगवलेला लव्हाळा. मी गुडघे टेकून तो लव्हाळा हाताने बाजूला सारला, तेव्हा खालची काळी, स्पंजासारखी पीटची माती बोटांना थंडगार लागली आणि त्यातून पाणी वर आले. डोंगरावरचे पाणी आपणहून सरळ रेषेत साचत नाही. ते तसे साचते आहे, म्हणजे कोणीतरी तेथे चर खणला होता. दोन पावले बाजूला, भरावावर, गवत आखूड होते आणि बुटाखाली जमीन घट्ट लागत होती.

इतक्या उंचावरून, वाऱ्यापावसात, रस्ता नेण्याचे कारण खाली पाहिले की समजते. त्या काळी खोऱ्यांत दाट रान आणि दलदल होती. धार मात्र मोकळी, त्यामानाने कोरडी आणि चहूबाजूंना नजर ठेवता येण्याजोगी. सह्याद्रीत ट्रेकिंग केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वापरात होता, पण तिथे कातळ फोडलेला असल्यामुळे माणसाच्या हाताची खूण लगेच दिसते. इथे खूण गवताखाली आहे आणि ती पाहायला नजर तयार करावी लागते.

रिगिनडेलच्या खिंडीशी धार अगदी चिंचोळी होते. दोन्ही बाजूंना उतार तुटत गेलेला, त्यामुळे वाटेला दुसरी जागाच नाही. सैनिक, मेंढपाळ, ओझ्याची घोडी आणि आताचे भटके या सगळ्यांची पावले तिथे एकाच अरुंद पट्ट्यावर पडली आहेत. पुढे रस्ता माथ्याच्या किंचित पश्चिमेकडून निघून जातो. त्या सपाट माथ्याला ‘रेसकोर्स हिल’ असेही म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकापर्यंत खोऱ्यांतले लोक तिथे जत्रेला जमत, चुकलेली मेंढरे ज्याची त्याला परत देत, कुस्त्या खेळत आणि घोडे पळवत.

माथ्यावर पोहोचेपर्यंत ढग आले आणि भरावाची रेघ पुन्हा गवतात मिसळून गेली. आता पहिला विरळ बर्फ पडला की जाणार आहे. उघड्या भरावावरचा बर्फ वारा उडवून नेतो आणि चरांतला मागे राहतो, त्यामुळे तेव्हा कदाचित दोन्ही कडा एकाच वेळी दिसतील.